छोटे इंजिन खरे कधी वाटते?

गेल्या वर्षी वार्षिक दिनाच्या प्रदर्शनात आपल्या छंद मंडळाच्या रेल्वे मॉडेलभोवती दिवसभर गर्दी होती. लाकडी फळ्यांवर मांडलेला रूळ, एक बोगदा, एक लहानसे स्थानक आणि त्यावरून गोल फिरणारे डिझेल इंजिन, एवढाच पसारा. इंजिन परदेशी बनावटीचे होते. आम्ही त्याला भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ जातीच्या इंजिनासारखा रंग दिला होता. तांबूस लाल अंग आणि त्यावर क्रीम रंगाचा पट्टा. रंग इतका चकचकीत झाला होता, की छतावरची ट्यूबलाइट त्यात स्पष्ट दिसे. आत बसवलेल्या स्पीकरचा आवाज सभागृहाच्या दारापर्यंत पोहोचत होता. आम्हाला या दोन्ही गोष्टींचा फार अभिमान होता.

दुपारी एका कॅडेटचे आजोबा आले. त्यांची सारी नोकरी रेल्वेत ड्रायव्हर म्हणून झालेली. दौंड-मनमाड मार्गावर त्यांनी कितीतरी वर्षे डिझेल इंजिन चालवले होते. ते टेबलापाशी उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. गाडीने दोन फेऱ्या मारल्या.

"आजोबा, कसं वाटलं?" नातवाने विचारले.

"मेहनत चांगली केलीत रे," ते म्हणाले, "पण ही अल्को नाही. अल्को उभी असताना अशी एकसुरी गुणगुणत नाही, ती लंगडते. आणि गाडी सुटताना आधी इंजिन ओरडतं, मग गाडी हलते. तुमची आधीच हलली." मग डोळे उघडून त्यांनी इंजिनाकडे निरखून पाहिले आणि हसत म्हणाले, "इतकी चकचकीत गाडी तर मला शेडमधूनसुद्धा कधी मिळाली नाही!"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण आम्हाला ते लागले, कारण ते खरे होते. त्यानंतरचे काही महिने मंडळाने ते इंजिन पुन्हा उघडले, रंग उतरवला, आवाज बदलला. त्या कामात जे शिकायला मिळाले, ते या लेखात सांगतो. ज्यांना रेल्वे मॉडेलमध्ये रस नाही, त्यांनाही विमानाचे किंवा रणगाड्याचे मॉडेल करताना यातले बरेच उपयोगी पडेल.

आधी अंतर ठरवा

आपले मॉडेल १:८७ या प्रमाणातले आहे. म्हणजे खऱ्या इंजिनाची प्रत्येक लांबी ८७ ने भागायची. डब्ल्यूडीएम-२ सुमारे १७ मीटर लांब असते, म्हणून मॉडेल सुमारे २० सेंटिमीटर भरते. मात्र इथेच पहिली तडजोड होते. हे प्रमाण आणि त्याचे रूळ मुळात १४३५ मिलिमीटर रुंदीच्या परदेशी लोहमार्गासाठी ठरले. त्याचे ८७ ने भागून १६.५ मिलिमीटर होतात. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याचे मॉडेल १९ मिलिमीटरहून थोडे जास्त रुंद हवे. आमचे भारतीय इंजिन मात्र बाजारात मिळणाऱ्या १६.५ मिलिमीटरच्या रुळावरच धावते.

म्हणजे मॉडेल सर्व बाजूंनी खरे असूच शकत नाही. मग ते खरे वाटावे यासाठी काय सांभाळायचे? याचे उत्तर आम्हाला एका साध्या गुणाकाराने दिले. प्रदर्शनात माणूस मॉडेलपासून साधारण ६० सेंटिमीटरवर उभा राहतो. ६० सेंटिमीटर गुणिले ८७ म्हणजे सुमारे ५२ मीटर. याचा अर्थ असा, की आपण टेबलाशी उभे असतो तेव्हा खऱ्या इंजिनापासून ५२ मीटरवर उभे असल्यासारखे ते आपल्याला दिसले पाहिजे आणि ऐकू आले पाहिजे.

एकदा हे अंतर ठरले, की पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे सापडू लागतात. ५२ मीटरवरून रिवेटची टोके मोजता येतात का? नाही. मग ती ठळक रंगवायची नाहीत. ५२ मीटरवरून इंजिनाच्या अंगात दिव्याचे प्रतिबिंब दिसते का? नाही. ५२ मीटरवर उभ्या असलेल्या इंजिनाजवळ आपल्याला ओरडून बोलावे लागते का? नाही. आमच्या पहिल्या इंजिनात या तिन्ही चुका होत्या.

फील्डक्राफ्टचा धडा उलटा वाचा

फील्डक्राफ्टच्या तासाला आपण एक यादी पाठ करतो: वस्तू का दिसतात? आकार, छाया, चमक, बाह्यरेषा, पृष्ठभाग, एकसारखे अंतर आणि हालचाल. लपायचे असेल तर यातली प्रत्येक गोष्ट मोडायची किंवा झाकायची. लष्करी वाहनांचा रंग चकाकत नाही त्याचे कारण हेच.

मॉडेल रंगवणाऱ्याला हीच यादी उलट्या बाजूने उपयोगी पडते. त्याला वस्तू लपवायची नसते. पण तिचा लहानपणा लपवायचा असतो. आणि लहानपणा सगळ्यात आधी उघडा पाडते ती चमक. गुळगुळीत प्लॅस्टिकवर पडलेला दिव्याचा पांढरा ठिपका अर्धा सेंटिमीटरचा जरी असला, तरी खऱ्या इंजिनावर तो ४० सेंटिमीटरपेक्षा मोठा ठरेल. डोळ्याला हे गणित मांडावे लागत नाही. त्याला लगेच कळते, की ही वस्तू खेळण्याची आहे.

नंतर छाया. खऱ्या इंजिनावर जाळ्या, झडपा, दारांच्या फटी यांच्या आत सूर्यामुळे गडद सावली पडते. मॉडेलवर त्या खाचा अर्ध्या मिलिमीटरच्या असतात आणि खोलीतल्या पसरट उजेडात त्यांत सावली पडतच नाही. म्हणून ती रंगाने घालावी लागते. पातळ केलेला गडद तपकिरी रंग खाचांत सोडायचा आणि वरचा कापडाने टिपून घ्यायचा. काळा मात्र वापरायचा नाही, कारण उन्हातली सावली पूर्ण काळी नसते.

रंग उजळ का करावा लागतो

पुष्कळ जण रेल्वेच्या डब्यावरच्या रंगाशी तंतोतंत जुळणारा रंग मिळवतात, तो मॉडेलला लावतात आणि मॉडेल काळपट दिसते म्हणून निराश होतात. आमचेही तेच झाले. रंग बरोबर होता, उजेड वेगळा होता.

भर दुपारच्या उन्हात प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो. आपल्या सभागृहात तो ४०० लक्सच्या आसपास असेल. म्हणजे मॉडेलवर पडणारा उजेड खऱ्या इंजिनावरच्या उजेडाच्या सुमारे अडीचशेव्या हिश्श्याएवढाच आहे. डोळा बराच जुळवून घेतो, पण गडद छटांमधले फरक मंद उजेडात हरवतात. गडद लाल, गडद हिरवा, काळा हे सारे एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. म्हणून मॉडेलसाठी मूळ रंगात थोडी उजळ छटा मिसळावी लागते आणि शुद्ध काळ्याच्या जागी गडद करडा, शुद्ध पांढऱ्याच्या जागी फिका करडा वापरावा लागतो.

यात आमची एक फजिती झाली. लाल उजळ करण्यासाठी आम्ही त्यात पांढरा मिसळला आणि इंजिन गुलाबी झाले! लाल रंग उजळायचा असेल तर थोडा नारिंगी किंवा बदामी रंग मिसळावा, हे तेव्हा कळले. दुसरी गोष्ट अशी, की ज्या दिव्याखाली मॉडेल मांडणार, त्याच दिव्याखाली रंग पारखावा. खिडकीपाशी जुळलेला रंग ट्यूबलाइटखाली जुळेलच असे नाही.

रंगाची जाडी हाही मोठा प्रश्न आहे. ब्रशने दोन-तीन हात दिले, की रंगाचा थर सहज ०.१ मिलिमीटर होतो. त्याला ८७ ने गुणा. खऱ्या इंजिनावर तो जवळजवळ ९ मिलिमीटर जाडीचा लेप झाला! खऱ्या इंजिनावरचे २५ मिलिमीटरचे रिवेट मॉडेलवर ०.३ मिलिमीटरचेही नसते. अशा लेपाखाली ते बुजून जाते. म्हणून रंग एअरब्रशने, दुधासारखा पातळ करून, अनेक अतिशय पातळ थरांत द्यावा.

आम्ही शेवटी पाळलेला क्रम असा होता. प्रथम इंजिनाचे कवच सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवले, कारण बोटांच्या तेलकटपणावर रंग धरत नाही. मग करड्या प्रायमरचा एक पातळ हात दिला. त्यानंतर क्रीम रंग दिला. पट्ट्याची जागा चिकटपट्टीने झाकून मगच लाल दिला, कारण गडद रंगावर फिका रंग झाकला जात नाही आणि त्यासाठी थर वाढवावे लागतात. मग चमकदार वार्निशचा एक थर दिला. चकाकी नको म्हणतो आणि वार्निश चमकदार का? इंजिन क्रमांक आणि अक्षरे पाण्यात सुटणाऱ्या चिकटचित्रांची असतात. खरबरीत पृष्ठभागावर त्यांच्याखाली हवा राहते आणि कडा चांदीसारख्या उजळतात. गुळगुळीत पृष्ठभागावर ती सपाट बसतात. ती वाळल्यावर सगळ्यावर निस्तेज वार्निश दिले, की चकाकीही जाते आणि अक्षरे रंगवल्यासारखी दिसतात. फवारणी करताना मास्क लावावा आणि खोली हवेशीर असावी, हे वेगळे सांगायला नको.

प्रत्येक डागाला कारण हवे

आजोबांनी स्वच्छतेबद्दल केलेला विनोद ऐकून आमच्यातले काही जण उत्साहाने इंजिन मळवायला निघाले आणि त्यांनी ते सगळीकडे सारखेच तपकिरी करून टाकले. हीही चूकच होती. मळ कुठेही बसत नाही. तो कुठून तरी येतो आणि कुठे तरी जातो. म्हणून मंडळाने एक नियम केला: ज्या डागाचे कारण सांगता येत नाही, तो डाग लावायचा नाही.

डिझेल इंजिनावर ही कारणे शोधणे अवघड नाही. छतावरच्या धुराड्यातून काजळी निघते. ती धुराड्याभोवती दाट आणि पुढे विरळ होत जाते. ब्रेक लागताना ओतीव लोखंडाचे ब्रेक-ठोकळे चाकावर घासतात. त्यांचा चुरा गंजून चाकांच्या चौकटीवर तांबूस तपकिरी थर होतो. रुळावरची धूळ इंजिनाच्या खालच्या भागावर बसते आणि तिचा रंग मुलखाप्रमाणे बदलतो. कोकणातली धूळ जांभ्याची म्हणून तांबडी, देशावरची काळ्या मातीची म्हणून करडी, राजस्थानातली वाळूची म्हणून फिकट. पावसाचे पाणी छतावरचा मळ खाली आणते, म्हणून जाळ्यांच्या आणि झडपांच्या खाली उभे ओघळ दिसतात. आडवे कधीच दिसत नाहीत. पायऱ्यांवर आणि हाताने धरायच्या दांड्यांवर माणसांचे हातपाय लागून रंग उडतो. डिझेल भरण्याच्या तोंडाखाली मात्र तेलाचा गडद, ओलसर डाग असतो. संपूर्ण इंजिनावर चकाकी शोभते अशी जागा असेल तर तीच.

वाफेच्या इंजिनाचे कायदे वेगळे. त्याला सगळे काळे म्हणतात, पण धुराड्याखालच्या पुढच्या भागावरचा रंग उष्णतेने जळून राखाडी होतो. कठीण पाण्याची गळती असेल तिथे क्षारांचे पांढरे ओघळ उमटतात. चाकांना जोडणारे दांडे तेलाने काळपट चकाकतात. एकाच 'काळ्या' इंजिनावर अशा चार-पाच छटा असतात.

हे सगळे करण्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. मऊ खडूची पूड, जवळजवळ कोरडा ब्रश आणि पातळ केलेला रंग पुरतो. खरी गरज असते ती एका विशिष्ट इंजिनाच्या, एका विशिष्ट दिवशीच्या छायाचित्राची. 'साधारण असे असते' म्हणून रंगवलेले इंजिन कुठल्याच शेडचे राहत नाही.

इंजिनाचा आवाज म्हणजे काय

आता आवाजाकडे येऊ. आजोबांना डोळे मिटून जे कळले, ते समजण्यासाठी थोडे यंत्र समजून घ्यावे लागते.

वाफेच्या साध्या इंजिनाला दोन सिलिंडर असतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये वाफ पिस्टनला दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ढकलते. म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून वाफेचे चार हुंकार निघतात. आपल्याकडचे डब्ल्यूपी हे प्रवासी गाड्यांचे प्रसिद्ध इंजिन घ्या, ज्याच्या बंदुकीच्या गोळीसारख्या निमुळत्या नाकावर तारा रंगवलेला असे. त्याच्या मोठ्या चाकाचा व्यास सुमारे १.७ मीटर. ताशी १० किलोमीटर वेगाला ते सेकंदाला साधारण दोन हुंकार देते, ताशी ६० ला सुमारे बारा, आणि ताशी १०० ला वीस. तिथे सुटे हुंकार ऐकू न येता एकच घरघर होते. मॉडेलच्या चाकाचे फेरे आणि स्पीकरमधले हुंकार यांचे हे नाते तुटले, तर रंग कितीही उत्तम असो, डोळा आणि कान यांचे पटत नाही.

डिझेलमध्ये आवाजाचा संबंध चाकाशी नसतो. तिथे डिझेल यंत्र जनित्र फिरवते, त्या विजेवर मोटारी चालतात आणि मोटारी चाके फिरवतात. डब्ल्यूडीएम-२ चे आराखडे अमेरिकेतल्या अल्को कंपनीचे. पहिली इंजिने १९६२ मध्ये तिथून आली आणि १९६४ पासून ती वाराणसीला बनू लागली. अशी अडीच हजारांहून अधिक इंजिने देशभर धावली. त्यातले यंत्र सोळा सिलिंडरचे, चार स्ट्रोकचे. म्हणजे प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. उभे असताना यंत्र मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेते. तेव्हा सेकंदाला ५३ स्फोट होतात. पूर्ण जोरात, म्हणजे आठव्या नॉचला, १००० फेरे. तेव्हा १३३ स्फोट.

१९९९ च्या सुमारास आपल्याकडे आलेल्या डब्ल्यूडीजी-४ आणि त्यानंतरच्या डब्ल्यूडीपी-४ या इंजिनांचे घराणे निराळे. त्यांचेही सिलिंडर सोळाच, पण यंत्र दोन स्ट्रोकचे. प्रत्येक सिलिंडर दर फेऱ्याला पेटतो. मिनिटाला ९०० फेऱ्यांना सेकंदाला २४० स्फोट. म्हणून त्यांचा आवाज उंच आणि सलग गुणगुणणारा लागतो. आमच्या मॉडेलमध्ये कारखान्यातून बसून आलेला आवाज याच घराण्यातला होता. वर रंग अल्कोचा, आत आवाज दुसऱ्याचा! आजोबांनी नेमके हेच पकडले.

अल्कोची आणखी एक खूण आहे. ड्रायव्हर नॉच वाढवतो तेव्हा इंधन लगेच वाढते, पण हवा दाबून आत ढकलणारा टर्बोचार्जर धुराच्या जोरावर फिरत असल्याने त्याला वेग घ्यायला काही क्षण लागतात. तेवढा वेळ इंधन जास्त आणि हवा कमी. धुराड्यातून काळा लोट निघतो, आवाज जड होतो आणि मग टर्बोची शीळ वर चढत जाते. ज्यांनी स्थानकावर अल्कोची गाडी सुटताना पाहिली आहे, त्यांना हे शब्दांशिवायही आठवेल.

लहान स्पीकर, मोठा आवाज

इथे एक गमतीचा प्रश्न येतो. लांबी ८७ ने भागली, तर आवाजही त्या प्रमाणात लहान करायचा का? समजा, खऱ्या भोंग्याचा सूर ३०० हर्ट्झ आहे. भोंगा खरोखरच ८७ पट लहान केला, तर त्याचा सूर ८७ पट चढेल, म्हणजे २६,००० हर्ट्झच्या पुढे जाईल. माणसाचा कान सुमारे २०,००० पर्यंतच ऐकतो. असा 'अचूक' भोंगा वटवाघळांना ऐकू येईल, आपल्याला नाही. तेव्हा सूर आणि लय मूळचीच ठेवायची, लहान करायचा तो फक्त मोठेपणा.

किती लहान? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. एक मीटरवरून ५२ मीटरवर गेले, की ती सुमारे ३४ डेसिबलने खाली येते. मोजमापाचे यंत्र नसेल तर सोपी कसोटी अशी: टेबलापाशी दोघे साध्या आवाजात बोलत असताना इंजिन त्यांना अडवता कामा नये, आणि खोलीच्या दारात उभे असलेले इंजिन ऐकूच येता कामा नये. आम्ही आवाज जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर आणला आणि गंमत अशी, की इंजिन अधिक जड वाटू लागले.

दुसरी अडचण खोल सुरांची. ५३ हर्ट्झचा खर्जातला सूर काढण्यासाठी मोठा पडदा लागतो. आपल्या इंजिनात मावणारा स्पीकर साखरेच्या वडीएवढा. तो काही शे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुकाच असतो. मग खर्ज येतो कुठून? आपल्याच मेंदूतून. ५३ च्या मूळ सुरासोबत १०६, १५९, २१२ असे त्याच्या पटीतले सूरही निघत असतात. त्यांतले वरचे सूर नीट ऐकू आले, तर त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून मेंदू न ऐकू आलेला मूळ सूर स्वतःच भरून काढतो. टेलिफोनवर पुरुषाचा जाड आवाज जाडच वाटतो, त्याचे कारणही हेच.

पण त्यासाठी वरचे सूर स्वच्छ हवेत. स्पीकरच्या पुढून हवा ढकलली जाते त्याच वेळी मागून ओढली जाते. दोन्ही लाटा एकमेकींना भेटल्या, की आवाज मरतो. म्हणून स्पीकरच्या मागे हवाबंद डबी हवीच. आमच्या इंजिनात डबीला एका कोपऱ्यात बारीक फट राहिली होती. ती चिकट पुट्टीने बुजवल्यावर जो फरक पडला, तो नवीन स्पीकर घेऊनही पडला नसता.

आधी आवाज, मग हालचाल

आजोबांची शेवटची तक्रार होती क्रमाबद्दल. त्याचा उपाय डीकोडरमध्ये असतो. डीकोडर म्हणजे इंजिनात बसवलेली नखाएवढी इलेक्ट्रॉनिक पट्टी. डीसीसी नावाच्या पद्धतीत रुळांतूनच वीज आणि हुकूम दोन्ही जातात. प्रत्येक इंजिनाचा स्वतःचा क्रमांक असतो, वायरलेसच्या कॉल साइनसारखा. आपल्या क्रमांकाचा हुकूम आला, की तेच इंजिन तो पाळते. या पद्धतीचे मानक अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात ठरवले, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकत्र चालतात.

डीकोडरमध्ये बदलता येण्याजोगी मूल्ये असतात. त्यांना सीव्ही म्हणतात. सीव्ही ३ मध्ये वेग किती सावकाश वाढावा हे ठरते आणि सीव्ही ४ मध्ये तो किती सावकाश कमी व्हावा हे. आमच्या इंजिनात दोन्ही मूल्ये शून्याजवळ होती. बटण फिरवले, की २० सेंटिमीटरचे इंजिन टुणकन उडी मारे. खऱ्या इंजिनाचे वजन ११० टनांहून अधिक. त्याच्यामागे हजारो टनांची मालगाडी. ती उडी कशी मारील? मूल्ये वाढवली, सुटण्याआधी यंत्राचा आवाज चढावा अशी सोय डीकोडरमध्ये चालू केली आणि आता हुकूम दिल्यावर आधी यंत्र घुमते, मग गाडी हलू लागते. थांबतानाही आधी आवाज उतरतो आणि गाडी नुसत्या वेगावर घरंगळत येते.

याच वेळी डीकोडरमध्ये अल्कोच्या यंत्राचा आवाज भरला. हॉर्न मात्र त्याच्यासोबत अमेरिकी आला, अनेक सुरांचा. तो भारतीय गाडीला शोभत नाही. तो बदलणे अजून बाकी आहे.

हे सगळे कशासाठी

एवढा खटाटोप कशाला, गाडी फिरते आहे ना, असे एका कॅडेटने मला विचारले. प्रश्न रास्त आहे.

आपण लढाईची योजना सँड मॉडेलवर समजावतो. त्यात टेकडी चुकीच्या बाजूला दाखवली, तर मॉडेल नसलेले बरे, कारण पाहणारा त्यावर विश्वास ठेवतो. रेल्वेच्या मॉडेलने कोणाचा जीव जात नाही, पण विश्वास तसाच बसतो. आपल्या ब्रॉडगेजवर वाफेची नियमित गाडी १९९५ च्या डिसेंबरात शेवटची धावली. आज शाळेत असलेल्या एकाही कॅडेटने ती पाहिलेली नाही. मार्गांवर विजेच्या तारा आल्या तशी अल्कोची इंजिनेही मागे पडत गेली. उद्या ज्याला तो आवाज कसा होता हे जाणायचे असेल, त्याच्यासमोर एखादे मॉडेल असेल किंवा एखादे ध्वनिमुद्रण. आम्ही गेल्या वर्षी शेकडो पाहुण्यांना चुकीचा आवाज ऐकवला. त्यांच्यातल्या एकालाच ते कळले. बाकीचे तो खरा समजून घरी गेले. मला त्या दिवशीची सगळ्यात मोठी चूक तीच वाटते.

मागच्या महिन्यात आम्ही सुधारलेल्या इंजिनाचा आवाज त्या आजोबांना फोनवरून ऐकवला. काही सांगितले नव्हते. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तिसऱ्या नॉचवर आहे का रे?" नातवाने पडद्यावर पाहिले. तिसराच होता. "हॉर्न कुठला लावलाय पण?" हेही त्यांनी लगेच विचारले.

तेव्हा सुट्टीत घरी जाणाऱ्या कॅडेटांना एक काम देतो. दिल्लीला जाणार असाल तर चाणक्यपुरीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय पाहा. जवळच हरियाणात रेवाडीला वाफेची इंजिने जपून ठेवली आहेत. पुण्याला जाणाऱ्यांनी कोथरूडमधले जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय पाहावे. १९९८ पासून ते चालू आहे. आणि जिथे कुठे अजून अल्कोचे डिझेल येत असेल, तिथे फलाटावर उभे राहून ते सुटताना नीट ऐका. रुळांवर किंवा रुळांच्या कडेला मात्र जायचे नाही. तो गुन्हा आहे आणि जिवाला धोकाही. वहीत लिहून आणा: काजळी कुठे होती, ओघळ कुठून कुठे गेले होते, धूळ कोणत्या रंगाची होती, हॉर्नचे सूर किती होते, आवाज चढल्यावर किती सेकंदांनी चाक हलले.

घरात कोणी आजोबा, काका किंवा शेजारी रेल्वेत असतील, तर ती वही आधी त्यांना दाखवा. आम्ही हेच करायला हवे होते, इंजिन रंगवण्याआधी.